नाम, संबोधन आणि क्रियापद : ख्रिस्ती व पेगन उपासनांच्या मिश्रणाविषयी एक भाषिक विचार

१

एखाद्या ख्रिस्ती संहितेत ख्रिस्तपूर्व लोकधर्माचे शब्द अथवा विधी आढळले, की तिला 'मिश्र' हे विशेषण लावून अभ्यासक मोकळा होतो. दोन्ही बाजूंच्या शब्दांची यादी करावयाची, ती दोन रकान्यांत मांडावयाची आणि दोन्ही रकाने भरले म्हणजे मिश्रण सिद्ध झाले असे समजावयाचे, ही पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की तिच्या मुळाशी काही गृहीत आहे ह्याचेही भान राहत नाही. ते गृहीत असे की श्रद्धा ही नामात राहते. नाम उसने घेतले की त्याबरोबर श्रद्धाही येते. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या प्रकारच्या मिश्रणासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला 'सिन्क्रेटिझम' हा शब्द तटस्थ नाही. प्लूटार्कने तो धर्माच्या संदर्भात वापरलाच नव्हता. क्रीट बेटावरील लोक एरवी आपसांत भांडत, पण बाहेरचा शत्रू आला की एक होत. त्या एकजुटीला त्याने हा शब्द योजला. सतराव्या शतकात गेओर्ग कालिक्स्टुस ह्या जर्मन धर्मपंडिताने ख्रिस्ती पंथांतील ऐक्याचा पुरस्कार केला, तेव्हा त्याच्या विरोधकांनी तोच शब्द त्याच्यावर दूषण म्हणून फेकला. म्हणजे शास्त्रीय संज्ञा होण्यापूर्वी हा शब्द भांडणातले हत्यार होता. 'पेगन' ह्या शब्दाचीही कथा अशीच आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ केवळ 'गावंढा', खेड्यात राहणारा. ज्याला पेगन म्हटले त्याने स्वतःला ते नाव दिलेले नव्हते. अशी दोन नावे हाती घेऊन निदान करावयास बसणाऱ्याने प्रथम आपले हात तपासून पाहावेत हे बरे.

ह्या विचाराला निमित्त झाले ते वर्गातील एका प्रश्नाचे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' शिकविताना 'वैकुंठ', 'पुराण', 'गुरु', 'मोक्ष' हे शब्द फळ्याच्या एका बाजूस आणि 'स्पिरितु सांतु', 'पाद्री' हे दुसऱ्या बाजूस लिहून प्रस्तुत लेखक वर्षानुवर्षे हिंदू-ख्रिस्ती मिश्रण 'सिद्ध' करीत आला. एके वर्षी उत्तर कोकणातील, घरी मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातील एका विद्यार्थिनीने विचारले : "आमच्या लग्नात उंबराचे पाणी असते. विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. तुमच्या फळ्यावर आम्हांला कोणत्या बाजूला लिहाल, सर?" तिच्या स्वरात उपरोध नव्हता, तिला खरोखरच उत्तर हवे होते. ते त्या दिवशी देता आले नाही. पुढील विवेचन हा ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी दोन संहिता घेतल्या आहेत : एक इंग्लंडातील, अकराव्या शतकाच्या सुमाराची, दुसरी गोव्यातील, सतराव्या शतकाची. पहिलीत ख्रिस्ती श्रद्धा जुन्या भूमिपूजेच्या शेजारी उभी आहे. दुसरी एका इंग्रजाने मराठीत रचलेली आहे.

२

प्राचीन इंग्रजी भाषेत 'एकरबोट' ह्या नावाने ओळखला जाणारा एक विधी आहे. 'एकर' म्हणजे शेत आणि 'बोट' म्हणजे उपाय. तो ब्रिटिश लायब्ररीच्या कॉटन संग्रहातील 'कॅलिग्युला ए. ७' ह्या हस्तलिखितात सापडतो. नवव्या शतकातील 'हेलिआंद' ह्या प्राचीन सॅक्सन काव्याची एक प्रत त्याच हस्तलिखितात आहे, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. सुमारे सहा हजार ओळींच्या त्या काव्यात ख्रिस्ताचे चरित्र जर्मानिक सरदाराच्या वेषात सांगितले आहे. शिष्य म्हणजे त्याचे निष्ठावंत योद्धे. ख्रिस्तकथेला देशी पेहराव चढविणारे काव्य आणि शेत सुधारण्याचा हा विधी आज एकाच बांधणीत आहेत.

शेत पिकत नसेल, अथवा कोणी जादूटोण्याने त्याचे नुकसान केले असेल, तर करावयाचा हा उपाय आहे. पहाटेपूर्वी शेताच्या चार बाजूंनी गवतासह मातीची चार ढेकळे काढावयाची. तेल, मध, खमीर, त्या जमिनीवरील सर्व गुरांचे दूध, काही अपवाद वगळता तेथील प्रत्येक झाडाचा नि वनस्पतीचा अंश आणि तीर्थजल हे सर्व घेऊन ढेकळांच्या तळाशी तीन वेळा शिंपडावयाचे. वाढा नि पृथ्वी भरून टाका, ह्या बायबलमधील आज्ञेचे शब्द लॅटिनमध्ये म्हणावयाचे, प्रभूची प्रार्थना म्हणावयाची. मग ती ढेकळे चर्चमध्ये न्यावयाची. हिरवी बाजू वेदीकडे करून धर्मगुरूने त्यांवर चार मिस्सा म्हणावयाच्या आणि सूर्यास्तापूर्वी ती पुन्हा जागच्या जागी ठेवावयाची. त्याआधी मत्तय, मार्क, लूक व योहान ह्या चार शुभवर्तमानकारांची नावे लिहिलेले लाकडी क्रूस चार खड्ड्यांत ठेवावयाचे. त्यानंतर पूर्वेकडे तोंड करून नऊ वेळा नमन, एक प्रार्थना, सूर्याच्या गतीच्या दिशेने तीन वेळा वळणे, दंडवत आणि चर्चची स्तोत्रे.

दुसऱ्या भागात भिक्षेकऱ्यांकडून अपरिचित बियाणे घेऊन त्यांना त्याच्या दुप्पट द्यावयाचे. नांगराच्या लाकडाला भोक पाडून त्यात धूप, बडीशेप, मंत्रित साबण व मंत्रित मीठ भरावयाचे आणि बियाणे नांगरावर ठेवावयाचे. मग 'एर्के' ह्या शब्दाचा तीन वेळा उच्चार करून पृथ्वीच्या मातेस हाक मारावयाची. पहिले तास काढताना स्वतः भूमीला, माणसांची माता म्हणून, क्षेम चिंतावयाचे. शेवटी सर्व प्रकारच्या पिठांची, दूध व तीर्थजल घालून मळलेली तळहाताएवढी भाकर भाजून त्या पहिल्या तासात पुरावयाची.

'एर्के' ह्या शब्दाचा अर्थ आजवर निश्चित झालेला नाही. ते एखाद्या देवतेचे नाव असावे असे काहींनी मानले, पण तो शब्द अन्यत्र कोठेही आढळत नाही. ह्या एका शब्दावरून संपूर्ण लुप्त धर्म उभा करणारे आणि ह्या विधीत मुळात ख्रिस्ती असे काही नाहीच म्हणणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक त्याला लाभले. आता आपली दोन रकान्यांची पद्धत येथे लावून पाहावी. नामे मोजली तर ख्रिस्ती रकाना ओसंडून वाहतो : चार शुभवर्तमानकार, मारिया, मिस्सा, तीर्थजल, लॅटिन स्तोत्रे. दुसऱ्या रकान्यात एक संशयित शब्द आणि 'पृथ्वी' हे सामान्यनाम. नामांच्या हिशेबाने हा विधी जवळजवळ शुद्ध ख्रिस्ती ठरतो. तरीही तो वाचताना आपल्याला जे निराळे वाटते, ते कोठून येते?

३

ते येते संबोधनातून. पृथ्वीविषयी बोलणे निराळे आणि पृथ्वीशी बोलणे निराळे. वर्णन करणाऱ्या वाक्यात पृथ्वी हा विषय असतो. हाक मारली की ती ऐकणारी होते. ज्याला कान आहेत असे आपण मानतो, त्यालाच आपण हाक मारतो. नाम स्वीकारणे ही शब्दसंग्रहातील घटना आहे, तर हाक मारणे ही उपासनेतील कृती आहे. म्हणून उपासनेचे मिश्रण शोधावयाचे असेल तर नामांच्या यादीपेक्षा संबोधनांची यादी अधिक उपयोगी पडेल.

ह्या कसोटीचे महत्त्व 'नऊ वनस्पतींचा मंत्र' म्हणून प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या एका प्राचीन इंग्रजी संहितेवरून कळते. ही संहिता ब्रिटिश लायब्ररीच्या हार्ली संग्रहातील ५८५ क्रमांकाच्या हस्तलिखितात आहे. तीत वोडन ह्या जुन्या देवाचे नाव स्पष्ट आले आहे. नऊ कांड्या घेऊन त्याने सापाचे नऊ तुकडे केले अशी कथा आहे. नामे मोजणाऱ्यास ही मोठीच सापड वाटते. पण वोडन तेथे तृतीयपुरुषी आहे. त्याची गोष्ट सांगितली जाते. त्याच्याकडे काही मागितले जात नाही. द्वितीयपुरुषी हाक पडते ती वनस्पतींना, आणि त्यांतही प्रथम दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीला : तू काय केलेस ते आठव, असे तिला सांगितले जाते. म्हणजे नामाने मोजले तर येथे वोडनपूजा दिसते. संबोधनाने मोजले तर दिसतो तो वनस्पतींशी बोलणारा वैद्य.

परंतु संबोधनावरही थांबता येत नाही. मराठी व्याकरणांनी संबोधनाला आठवी विभक्ती म्हटले असले, तरी ते कारक नव्हे हे आपल्या वैयाकरणांना ठाऊक होते. पाणिनीने (२.३.४७) संबोधनाची सोय प्रथमेतच लावली. कारण ज्याला हाक मारली त्याचा क्रियेशी काही संबंध आहे की नाही, हे हाकेवरून ठरत नाही. तो संबंध कारके ठरवितात : करणारा कोण, कोणाला द्यावयाचे, कोणाकडून घ्यावयाचे. ही जुनी दृष्टी एकरबोटला लावली की एक विलक्षण गोष्ट दिसते. नांगर धरताना हाक पृथ्वीच्या मातेला आहे, पण तेथील विध्यर्थी क्रियापदाचा कर्ता सर्वशक्तिमान सनातन प्रभू हा आहे. पिकणारी शेते त्याने द्यावीत. ती पृथ्वीला द्यावीत. म्हणजे पृथ्वी संबोधनात आहे आणि संप्रदानातही आहे, पण कर्तृपदावर ती नाही. पहिल्या तासाच्या वेळीही तिच्यासाठी क्षेम चिंतिले जाते आणि तिने देवाच्या कवेत राहून फलित व्हावे असे म्हटले जाते. तिला मान आहे, तिला कान आहेत, पण दानाचा अधिकार दुसऱ्याकडे गेला आहे.

एकाच ठिकाणी हा बंदोबस्त सैल होतो. पूर्वेकडे तोंड करून म्हणावयाच्या प्रार्थनेत बोलणारा प्रथम प्रभूची, स्वर्गाच्या रक्षकाची प्रार्थना करतो, आणि त्याच क्रियापदाने लगेच पृथ्वीची, वरच्या आकाशाची आणि पवित्र मारियेचीही. येथे चौघे एका पंगतीस बसले आहेत. मिश्रण हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो ह्या वाक्याला लागू पडेल. संपूर्ण विधीला नव्हे. आणि तो लागू पडतो तो 'पृथ्वी' हे नाम आले म्हणून नव्हे, तर 'प्रार्थितो' ह्या एका क्रियापदाने चौघांना सारखेच कर्मपद दिले म्हणून.

४

ह्याच देशात विसाव्या शतकात ह्या प्रश्नाला नवे वळण मिळाले. १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर ह्यांनी 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक प्रसिद्ध करून, ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे चालत आलेला एक धर्म आपल्याला सापडला असल्याचे सांगितले. पुढे 'विक्का' ह्या नावाने तो रूढ झाला. ह्या दाव्याला मार्गारेट मरे ह्यांच्या १९२१ च्या ग्रंथाचा आधार होता. मरे ह्यांची उपपत्ती इतिहासकारांनी नंतर नाकारली. रोनल्ड हटन ह्यांनी १९९९ साली विक्काचा इतिहास लिहून तो मुख्यतः आधुनिक काळातच कसा घडला हे दाखविले. विक्काचे वर्तुळ आखण्याच्या व चार दिशांना आवाहन करण्याच्या रीतीत १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' ह्या गूढविद्या-मंडळाचा वारसा आहे, आणि त्या मंडळाच्या विधीत चार दिशांना राफाएल, गाब्रिएल, मिखाएल व उरिएल हे देवदूत उभे असत. एकरबोटमध्ये चार खड्ड्यांत चार शुभवर्तमानकार होते. म्हणजे 'शुद्ध पेगन' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या विधीतही पूर्वीच्या ज्यू व ख्रिस्ती परंपरांचे पाणी मुरलेले आहे.

तेव्हा आज काही साधक स्वतःला 'ख्रिस्ती विक्कन' अथवा 'क्रिस्टोपेगन' म्हणवितात, मारियेत देवीचे रूप पाहतात, वर्तुळात देवदूतांना आवाहन करतात, तेव्हा तेल आणि पाणी एकत्र केल्यासारखी ही गोष्ट नाही. त्यांची थट्टा करणे सोपे आहे, आणि ह्या विषयावर लिहिणारे दोन्ही बाजूंचे कट्टर लेखक ती करतातही. पण अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : येथे मिश्रण नेमके कोठे होते?

मारियेला हाक मारणे ही कॅथलिक परंपरेतील नित्याची गोष्ट आहे. परंतु त्या परंपरेतील सर्वपरिचित प्रार्थनेत तिच्याकडे जी मागणी आहे, तीतले क्रियापद 'दे' हे नसून 'आमच्यासाठी विनंती कर' ह्या अर्थाचे आहे. ती ऐकते आणि पुढे मागते; देणारा दुसरा आहे. ही व्याकरणिक रचना म्हणजे एका संपूर्ण धर्मशास्त्रीय सिद्धान्ताचे कुंपण आहे. विक्कामध्ये देवीचे स्थान ह्याहून अगदी वेगळे आहे. डोरीन व्हॅलिएंटे ह्यांनी सिद्ध केलेल्या, देवीचा आदेश म्हणून प्रसिद्ध असलेल्या गद्यात देवी पुरोहितेच्या मुखातून प्रथमपुरुषी बोलते. वोडन तृतीयपुरुषी होता, पृथ्वी द्वितीयपुरुषी होती. येथे देवी 'मी' झाली आहे. आता ख्रिस्ती विक्कन साधक मारियेला देवी मानून 'आमच्यासाठी विनंती कर' असेच म्हणत राहिला, तर त्याने नाम बदलले, वाक्य बदलले नाही. पण तो 'तू दे' असे म्हणू लागला, तर नाम जुनेच राहून वाक्य बदलले. पहिला पाखंडी दिसेल आणि दुसरा सनातनी, कारण बाहेरच्याला केवळ नाम ऐकू येते. प्रत्यक्षात श्रद्धेची सीमा ओलांडली ती दुसऱ्याने. मिश्रण क्रियापदात झाले.

५

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यातला. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत मुख्यतः सासष्टीत राहिले. ज्या भाषेत ते वाढले तिच्यात पेगन नामे किती मुरली होती हे पाहण्यासारखे आहे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाला इंग्रजीत जे नाव आहे, ते एऑस्त्रे ह्या देवीच्या महिन्यावरून आले असे बीडने ७२५ च्या सुमारास लिहिले. त्या देवीविषयी अन्य पुरावा नाही. तिला कोणी हाक मारल्याची नोंद नाही. नाम राहिले, संबोधन गेले, आणि त्या सणाच्या ख्रिस्तीपणाला काही बाधा आली नाही. त्याच बीडने आपल्या इतिहासात उद्धृत केलेल्या ६०१ च्या पत्रात पोप ग्रेगरीने असा सल्ला दिला होता, की इंग्लिशांची देवळे पाडू नयेत. मूर्ती तेवढ्या काढाव्यात आणि वास्तू तीर्थजलाने शुद्ध करून वापरावी. वास्तू ठेवावी, आतला रहिवासी बदलावा.

शब्दांच्या बाबतीत स्टीफन्सनी हेच केले. १६१६ साली रायतूरला छापल्या गेलेल्या, दोन पुराणांत मिळून १०,९६२ ओव्यांच्या ह्या ग्रंथात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे. ग्रंथाचा प्रकार पुराणाचा, छंद ओवीचा, निरूपण करणारा 'पाद्री गुरु'. मंगलाचरण आपल्या संतकवींच्या धाटणीचे. त्यात गणेशाच्या नमनात शोभावे असे ऋद्धिसिद्धीच्या दातृत्वाचे विशेषणही परमेश्वराला लावलेले आहे. नामे मोजावीत तर एकरबोटच्या नेमके उलट चित्र दिसते : येथे दुसराच रकाना ओसंडतो. आता संबोधने मोजावीत. मंगलाचरणातील हाका आहेत त्या पित्याला, पुत्राला, 'स्पिरितु सांतु'ला आणि मारियेला. 'वैकुंठ' आहे, पण विष्णूला हाक नाही. ऋद्धिसिद्धी आहेत, पण त्या देणारा गणेश नव्हे. विशेषण उचलले, विशेष्य मागे ठेवले. कर्तृपदावर सर्वत्र एकच देव आहे. मूर्तिपूजेवर तर ग्रंथात कडक टीका आहे.

तेव्हा दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या असता असे दिसते, की नामांच्या कसोटीने एकरबोट ख्रिस्ती आणि क्रिस्तपुराण मिश्र. संबोधन व कारक ह्यांच्या कसोटीने क्रिस्तपुराण निर्भेळ ख्रिस्ती आणि एकरबोट, निदान एका वाक्यापुरते, मिश्र. एकाच सामग्रीवर दोन कसोट्या इतके विरुद्ध निकाल देतात, तेव्हा कोणती पत्करावयाची हा हौसेचा प्रश्न उरत नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. स्टीफन्सनी विष्णू वगळला असेल. पण सासष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्याच्या कानात 'वैकुंठ' म्हणताच विष्णू उभा राहत नसेल कशावरून? शब्दाचा अर्थ वक्त्याच्या हेतूत असतो तितकाच श्रोत्याच्या स्मृतीतही असतो. हे खरे आहे, आणि भाषाशास्त्रज्ञाने ते नाकारू नये. पण स्मृती आणि उपासना ह्या एक नव्हेत. श्रोत्याला विष्णू आठवणे हा शब्दाचा इतिहास झाला. त्याने विष्णूला हाक मारणे ही निराळी कृती होय, आणि तिला क्रिस्तपुराणाच्या वाक्यात जागा ठेवलेली नाही. शिवाय स्टीफन्सना ह्या स्मृतीची जाण होती असे मानावयास आधार आहे. जेथे जुन्या अर्थाने घोटाळा होण्याचा संभव अधिक, तेथे त्यांनी देशी शब्द टाळला. वैकुंठ त्यांना चालले. पवित्र आत्म्यासाठी मात्र त्यांनी कोणताही देशी पर्याय न घेता 'स्पिरितु सांतु'लाच मराठी प्रत्यय जोडले. स्थळाचे नाव उसने घेता येते. ज्याला हाक मारावयाची त्याचे नाव उसने घेणे त्यांना धोक्याचे वाटले असावे.

६

हा सगळा ऊहापोह केवळ संज्ञांचा आहे असे कोणास वाटेल. पण नामे आणि वस्तू मोजण्याच्या पद्धतीने माणसांचे काय केले ह्याचा पुरावा गोव्यातच आहे. १५६० साली स्थापन झालेले व १८१२ साली कायमचे बंद झालेले इन्क्विझिशन नवख्रिस्ती लोकांच्या घरात जुना धर्म शोधत होते. अ. का. प्रियोळकर ह्यांनी आपल्या १९६१ च्या ग्रंथात ज्याची चर्चा केली आहे, तो १७३६ चा जाहीरनामा वाचला असता शोध कशाचा चालला होता हे कळते. लग्नातल्या ओव्या, विड्याची पाने, तुळस, बिनमिठाचा भात, पुरुषांचे धोतर, स्त्रियांची चोळी ह्या गोष्टी त्यात निषिद्ध ठरल्या आहेत. त्या यादीत वस्तू आहेत, खाद्य आहे, वस्त्र आहे. कोणी कोणाला हाक मारली, कोणाकडे काय मागितले, हा प्रश्न तीत मागे पडला आहे. ज्या छंदात स्टीफन्सनी ख्रिस्ताचे चरित्र गायिले, तोच छंद लग्नघरी बायकांच्या तोंडी आला की संशयास पात्र ठरला. त्यापूर्वीच १६८४ च्या आज्ञेने कोंकणी भाषा तीन वर्षांत सोडून द्यावी असे फर्माविले गेले होते. नामात श्रद्धा राहते असे एकदा मानले, की संपूर्ण भाषाच संशयित ठरते. हा त्या गृहीताचा अखेरचा तर्कशुद्ध टप्पा आहे.

आपल्या फळ्यावरील दोन रकाने आणि त्या जाहीरनाम्यातील यादी ह्यांच्या हेतूंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपण 'मिश्रण' हा शब्द बहुधा कौतुकाने, समन्वयाचा गौरव म्हणून वापरतो. परंतु पद्धत एकच आहे. कौतुकाने का होईना, ज्याला आपण अर्धा ख्रिस्ती अथवा अर्धा हिंदू ठरवितो, त्याला आपण त्याच्या प्रार्थनेतील कर्ता कोण हे विचारलेले नसते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळता येईल. उंबराच्या पाण्यात उंबर हे नाम आहे, विहीर आहे, वाजंत्री आहे. तेथे कोणाला हाक मारली जाते? वधूवरांवर कृपा करावी असे कोणाला सांगितले जाते? ह्याचे उत्तर यादीतून मिळणार नाही. ते त्या घरातल्या माणसांच्या तोंडून, त्या वेळच्या प्रत्यक्ष वाक्यांतून मिळेल. ते मिळेपर्यंत तिला फळ्याच्या कोणत्याच बाजूस लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नव्हता, आणि आजही नाही.

ह्या कसोटीची मर्यादाही येथेच नमूद केली पाहिजे. ती वाक्यावर चालते. जेथे वाक्य नाही तेथे ती मुकी होते. एकरबोटमधील भाकर पहिल्या तासात पुरली जाते. ती प्रभूला अर्पण आहे, भूमीला नैवेद्य आहे, की ज्याचा अर्थ करणारालाही सांगता येणार नाही असा केवळ वडिलार्जित रिवाज आहे? भाकर पुरल्यानंतरची प्रार्थना देवाला उद्देशून आहे, पण पुरण्याच्या त्या क्षणी हात काय म्हणत होते ते संहितेत लिहिलेले नाही. बिनमिठाच्या भाताबद्दलही तेच. मूक विधीचा अर्थ लावण्याचे काम मानवशास्त्रज्ञाचे आहे, आणि त्यालाही ते करणाऱ्याला विचारूनच करावे लागेल. भाषाशास्त्रज्ञाने एवढेच करावे, की जेथे माणूस बोलला आहे तेथे त्याचे संपूर्ण वाक्य ऐकावे. त्यातले एखादे नाम उचलून त्याच्या श्रद्धेचा निवाडा करू नये.